हाऊसबोट ठरवण्याआधी विचारा, रात्री बोट कुठे बांधणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून तुम्ही आठ जण निघणार. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघ्यांचं दुखणं आहे. मुलं ५, ९ आणि १४ वर्षांची. घरात अर्धे शाकाहारी. वेळ दिवाळीची सुट्टी किंवा जानेवारी. मुन्नार, थेक्कडी करून शेवटी केरळच्या बॅकवॉटरमध्ये हाऊसबोटीवर दोन रात्री. एजंटने 'प्रीमियम बोट, २२ तासांची क्रूझ' म्हणून पॅकेज दिलंय. अलेप्पी घ्यावं की कुमरकोम, दोन रात्री पुरतील का, आणि मुलं-म्हातारी माणसं घेऊन जाणं सुरक्षित आहे का, एवढं तुम्हाला हवंय.

मी कोचीत राहते आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबांच्या सहली आखून देते. माझी स्वतःची बोट नाही, त्यामुळे अमुकच घ्या असं सांगण्यात माझा काही फायदा नाही. सरळ सांगायचं तर दोन रात्री नकोत, एकच घ्या. अलेप्पीच्या बाजूने घ्या. जमत असेल तर जानेवारी. दुसरी रात्र कुट्टनाडमध्येच, म्हणजे अलेप्पीच्या आसपासच्या कालव्यांच्या आणि भातशेतीच्या भागात, पण जमिनीवर, कुणाच्या तरी घरगुती मुक्कामात काढा. आणि एजंटकडून खोल्यांचे फोटो मागवत बसू नका. फोटो सगळ्यांचे छानच असतात. त्याला दोनच गोष्टी लिहून द्यायला सांगा: दुपारी बोट कुठल्या मार्गाने जाणार आणि रात्री कुठे बांधणार. पाहुणे खूश होऊन परततात की वैतागून, ते नव्वद टक्के या दोन उत्तरांवर ठरतं.

आधी त्या २२ तासांचा हिशोब करू. बोटीवर चढायचं दुपारी १२ वाजता, उतरायचं दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ते १० च्या दरम्यान. म्हणजे तास भरतात खरे. पण बोट निघते साडेबाराच्या आसपास, दीड-दोनला जेवणासाठी कुठल्यातरी काठाला तासभर थांबते आणि साडेपाचला तिला नांगर टाकावाच लागतो. सकाळी नाश्ता झाला की तासभरात परत धक्क्यावर. बोट प्रत्यक्ष चालते ती चार-पाच तास. बाकी वेळ तुम्ही पाण्यावर बांधलेल्या हॉटेलात असता. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, संध्याकाळी डेकवर बसून गप्पा मारण्यातही मजा आहे. पण दोन रात्री घेतल्या तर दुसऱ्या दिवशी तोच कालवा, तोच खानसामा, तीच भाजी. तोवर तुमच्या १४ वर्षांच्या मुलाने मोबाईलमध्ये डोकं घातलेलं असेल.

साडेपाचला बोटी का थांबतात? हा बोटवाल्यांचा आळस नाही. संध्याकाळ झाली की गावातले मच्छीमार छोट्या होड्या घेऊन जाळी टाकायला निघतात. कायलात, म्हणजे इथल्या मोठ्या सरोवरांत, रात्रभर जाळी पसरलेली असतात. हाऊसबोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की त्याचं नुकसान आणि बोटीचंही. म्हणून अंधार पडायच्या आत सगळ्यांनी काठाला लागायचं, असा नियम आहे. तेव्हा 'रात्री चांदण्यात बोट चालवू' असं कुणी म्हणालं तर त्या माणसाकडून बुकिंग करू नका.

आता खरी गोम. सगळ्या बोटी एकाच वेळी काठाला लागतात. अलेप्पीत पुन्नमडा नावाची जागा आहे, नेहरू ट्रॉफीच्या वल्हवण्याच्या शर्यती जिथे होतात ती. तिथल्या धक्क्याला 'फिनिशिंग पॉइंट' म्हणतात आणि बहुतेक हाऊसबोटी तिथूनच सुटतात. गर्दीच्या दिवसांत तिथे आणि आजूबाजूला रात्री बोटी एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. एकीचा जनरेटर दुसरीच्या खोलीच्या खिडकीखाली. पलीकडच्या बोटीवर कुठल्यातरी ऑफिसची पार्टी, स्पीकर मोठा. डिझेलचा वास. तुमच्या बोटीवर यायला-जायला दोन परक्या बोटींचे डेक ओलांडायचे. सासूबाईंच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही. हीच बोट कैनकरी, चेन्नमकरी किंवा नेडुमुडीकडच्या एखाद्या शांत काठाला बांधली, आणि तिथे वीज जोडायची सोय असेल तर रात्री जनरेटर लागत नाही. एसी चालतो, आवाज नाही. बरेच बोटमालक स्वतःच्या घरासमोर किंवा ठरलेल्या माणसाच्या काठाला बोट लावतात. तशी बोट शोधा. 'रात्री काठावरची वीज मिळते का', हा प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक माहितगार आहे.

मार्गाचंही तसंच. अलेप्पीहून निघालेली बोट सोपं काम करायचं ठरवलं तर वेंबनाड सरोवरात जाऊन एक मोठा फेरा मारून परत येते. पाणीच पाणी, लांब क्षितिजावर नारळांची रेघ. पहिली वीस मिनिटं सगळे फोटो काढतात, मग खोलीत जाऊन झोपतात. तुम्हाला बघायचं आहे ते कुट्टनाड, आणि ते सरोवराच्या दक्षिणेला आणि पूर्वेला, पंबा नदीच्या फाट्यांमध्ये आणि कालव्यांमध्ये आहे. पल्लातुरुत्ती, कैनकरी, नेडुमुडी, चंपकुळम, पुळिंकुन्न, कावालम ही नावं मार्गात आली पाहिजेत. सगळी नव्हे, दोन-तीन आली तरी पुष्कळ.

कुट्टनाड म्हणजे काय ते बोटीतून नीट कळतं. डेकच्या पुढच्या खुर्चीत बसा आणि बांधापलीकडे बघा. भाताचं शेत तुमच्या बोटीपेक्षा खाली असतं. पाणी वर, शेत खाली. समुद्रसपाटीच्या खाली काही ठिकाणी दोन मीटरपेक्षा जास्त खोल जाऊन इथे भात पिकवतात. सरोवराच्या तळातला चिखल काढून, नारळाची खोडं ठोकून, बांध घालून लोकांनी ही जमीन पाण्यातून काढली आहे. चित्तिरा, मार्तांडम, राणी ही कायलातल्या शेतांची नावं तुम्हाला बोटवाला सांगेल. त्रावणकोरच्या राजघराण्यावरून ती पडली. पेरणीआधी पंपाने शेतातलं पाणी उपसून कालव्यात टाकतात. लाकडी पेटीसारखा एक जुना पंप असतो, त्याला इथे 'पेट्टीयुम परयुम' म्हणतात. बांधावर पत्र्याची छोटी खोपटी आणि त्यातून कालव्यात पडणारी पाण्याची जाड धार दिसली की तो पंप चालू आहे असं समजा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. मुलांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ती बोटीत बसून काहीतरी शोधत राहतील.

याच कारणासाठी मी जानेवारी म्हणते. मुख्य पिकाची पेरणी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात होते, जानेवारी-फेब्रुवारीत शेतं डोळे निवतील अशी हिरवी, मार्चच्या आसपास कापणी. कापणीनंतर रिकाम्या शेतांत हजारो बदकांचे कळप सोडतात, तेही बघण्यासारखं असतं, पण तोवर उकाडा सुरू होतो. दिवाळीत मात्र बऱ्याच शेतांत अजून पाणीच भरलेलं असतं. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हा इथला परतीचा पाऊस. सकाळ लख्ख, दुपारी तीन-चारला ढग भरून येतात आणि विजांसकट कोसळतो. म्हणजे बोट चालण्याचे जे चार तास, नेमके त्यातले दोन पडदे सोडून आत बसायचं. दिवाळीलाच यायचं असेल तर या, मी कुणाला परत पाठवलेलं नाही, पण छत्री आणि अपेक्षा दोन्ही बरोबर घेऊन या. नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा तेवढा टाळा. भाडं जवळपास दुप्पट होतं आणि अरुंद कालव्यांत बोटींची रांग लागते. अगदी लक्ष्मी रोडवरची दिवाळीची खरेदी.

जानेवारीची एक उणी बाजूही सांगते. तण्णीरमुक्कम इथे सरोवरावर आडवा बंधारा आहे. समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून डिसेंबरच्या सुमारास त्याची दारं बंद करतात. मग दक्षिणेकडचं पाणी वाहतं राहत नाही आणि जलपर्णी माजते. खारं पाणी आत आलं की ती मरते, दारं बंद असली की मरत नाही. त्यामुळे काही कालवे हिरव्या गालिच्यासारखे झाकलेले दिसतील आणि बोट मार्ग बदलेल. शेतकऱ्याला दारं बंद हवीत, मच्छीमाराला उघडी. हा वाद दर वर्षीचा आहे. बोटचालकाला यावर बोलतं केलंत तर दुपार मजेत जाईल.

कुमरकोमबद्दल. ते सरोवराच्या पूर्व काठावर, कोट्टयमपासून पंधराएक किलोमीटर. तिथून बोट घेतली तर मोकळं सरोवर जास्त, गावं कमी. पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात, समोर पातिरामणल नावाचं छोटं बेट आहे. नवरा-बायको दोघंच असतील, काठावरच्या एखाद्या चांगल्या रिसॉर्टमध्ये राहून चार तास बोटीत फिरायचं असेल, तर कुमरकोम उत्तम. तुमच्यासारख्या आठ जणांच्या, मुलांच्या घोळक्याला घराघरांमधून जाणारा कालवा जास्त रमवतो. काठावर बाई भांडी घासतेय, पोस्टमन होडीतून उतरतोय, शाळेची मुलं सरकारी बोटीतून हात हलवतायत. (एक विनंती: हे सगळं लोकांचं परसदार आहे. अंघोळीच्या घाटाकडे कॅमेरा रोखू नका आणि स्पीकर लावू नका.)

अलेप्पीत चढून कुमरकोमला उतरण्याची सोयही मिळते, पण डिझेलचे जास्तीचे पैसे लागतात आणि मार्ग बराचसा मोकळ्या सरोवरातूनच जातो. तुम्हाला त्याची गरज नाही.

ज्यांना ही गर्दीच नको असते त्यांना मी कोल्लमच्या अष्टमुडी सरोवराकडे किंवा पार उत्तरेला कासरगोड जिल्ह्यात नीलेश्वरम-वलियपरंबकडे पाठवते. तिथे बोटी मोजक्या. पण मुन्नार-थेक्कडीच्या फेरीत ते बसत नाही, म्हणून विषय सोडते.

आता तुमच्या आखणीतली सगळ्यात कच्ची कडी. मुन्नार ते अलेप्पी सुमारे १७० किलोमीटर आहे. नकाशात बघून साडेतीन तास धरू नका. घाट, मग गावांमधून जाणारा रस्ता, सासूबाईंना मध्ये दोनदा पाय मोकळे करायचे, धाकट्याला घाटात उलटी. पाच-साडेपाच तास लागतात. थेक्कडीहूनही चार-साडेचार. बोट साडेबाराला सुटते आणि उशीर झाला तर कापला जातो तो तुमचाच वेळ. दीडला पोहोचलात तर अडीचपर्यंत जेवण, मग साडेपाच. म्हणजे तीन तासांसाठी पूर्ण भाडं. म्हणून आदल्या रात्री अलेप्पीत किंवा जवळच्या मारारीच्या किनाऱ्यावर या, सकाळी आरामात उठा आणि साडेअकराला धक्क्यावर हजर व्हा. दोन रात्रींचं बजेट आहेच ना, त्यातली एक अशी वापरा. किंवा उलट करा: आधी बोट, मग उतरून एक रात्र घरगुती मुक्काम. हे तुमच्या एकूण दिवसांवर ठरेल.

बोटीबद्दल. तुम्हाला तीन खोल्यांची अख्खी बोट हवी. तीही वाटून नको. काही एजंट मोठ्या बोटीतल्या दोन-दोन खोल्या वेगवेगळ्या कुटुंबांना विकतात. 'शेअरिंग' शब्द बिलात कुठे आहे का बघा. तीन खोल्यांच्या बऱ्या बोटीला साध्या दिवसांत एका रात्रीचे साधारण १५ ते २५ हजार रुपये पडतात, जेवणासकट. याच्या फार खाली कुणी सांगत असेल तर कुठेतरी काटकसर केलेली असणार: जेवणात, मार्गात किंवा माणसांत.

'डीलक्स' आणि 'प्रीमियम' या शब्दांना इथे एक व्यावहारिक अर्थ आहे. डीलक्समध्ये एसी सहसा रात्री ९ ते सकाळी ६ एवढाच चालतो, प्रीमियममध्ये दिवसभर. जानेवारीत दिवसा एसीची गरज नसते, पाण्यावर वारा असतो. तो पैसा वाचवा आणि वाचलेल्यातून अर्ध्या-एक तासाची शिकारा घ्या, म्हणजे छतवाली छोटी बोट, जी हाऊसबोट शिरू शकत नाही अशा अरुंद कालव्यांत जाते. एप्रिल-मेत मात्र दिवसभराचा एसी लागतोच.

व्हाउचरवर बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या. क्रमांक 'केआयव्ही' या अक्षरांनी सुरू होतो. नुसतं 'तीन बेडरूम प्रीमियम किंवा तत्सम' असं लिहिलं असेल तर त्या 'तत्सम'मध्येच सगळी ग्यानबाची मेख आहे. फोटोतली बोट दुरुस्तीला गेली म्हणतात आणि दुसरीच उभी करतात. नाव-क्रमांक लिहिलेला असला की भांडता येतं. केरळ पर्यटन खातं हाऊसबोटींना दर्जा देतं आणि पर्यावरणाची काळजी घेणाऱ्यांना 'ग्रीन पाम' प्रमाणपत्र. ते असेल तर चांगलं. नसेल तरी संडासाची टाकी रिकामी कुठे करता, हे विचाराच. बोट सांडपाणी थेट सरोवरात सोडत असेल, तर त्याच पाण्यात काठावरची माणसं भांडी धुतात, हे लक्षात असू द्या.

बोटीवर चढलात की एक गोष्ट मुलांना दाखवा. जुन्या पद्धतीची बोट असेल तर तिला केट्टुवळ्ळम म्हणतात, म्हणजे बांधलेली नाव. खालचा सांगाडा आंजिलीच्या लाकडाच्या फळ्यांचा, आणि त्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. दोन फळ्यांच्या सांध्यावर नारळाच्या तंतूंची गादी, वरून दोरीचा टाका, टाक्यामागून टाका, आणि वर काजूच्या टरफलापासून काढलेला काळा चीक. डेकची एखादी फळी उचलून दाखवायला सांगा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात. याच बोटींतून एके काळी कुट्टनाडचं भात कोचीला जायचं. रस्ते झाले, ट्रक आले, बोटी रिकाम्या पडल्या आणि १९९० च्या दशकात त्यांच्यावर खोल्या चढल्या.

सुरक्षितता. बोट उलटण्याची भीती लोकांना वाटते, पण हाऊसबोट रुंद आणि संथ असते. केरळात बोटींचे मोठे अपघात झाले आहेत ते प्रामुख्याने प्रवासी आणि सैर करवणाऱ्या बोटींचे, आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरणं हे कारण पुन्हा पुन्हा दिसतं. तानूरला ७ मे २०२३ रोजी संध्याकाळी जी बोट उलटली आणि २२ जण गेले, ती मासेमारीची बोट बदलून केलेली होती आणि तिच्यात खच्चून माणसं होती. म्हणून शिकारा असो की हाऊसबोट, किती माणसांची परवानगी आहे ते पाटीवर बघा आणि अंधार पडल्यावर कुठल्याही छोट्या बोटीत बसू नका.

हाऊसबोटीवर खरा धोका बोट थांबलेली असताना असतो. संध्याकाळी सगळे सैलावतात, कुणी दोन पेग घेतलेले असतात, फळी ओली असते आणि काठ व बोट यांच्यामध्ये दोन फूट पाणी असतं. पाय घसरतो तो इथे. तुमच्या पाच वर्षांच्या मुलासाठी लहान मापाचं लाइफ जॅकेट आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. मोठ्यांची जॅकेटं ढीगभर असतात, लहान माप नसतं. ते सापडलं नाही तर नाशिकहून स्वतःचं घेऊन या. पुढच्या डेकचा कठडा बऱ्याच बोटींवर गुडघ्याएवढाच असतो. मुलगा तिथे असेल तेव्हा एका मोठ्या माणसाने फक्त त्याच्याकडे बघायचं, अशी पाळी लावा. मोबाईल दुसऱ्याच्या हातात.

सासूबाईंसाठी: खालच्या डेकवरची, पुढच्या बैठकीला लागून असलेली खोली. वरचा डेक असलेल्या बोटींचा जिना उभा आणि अरुंद असतो, तो त्यांच्यासाठी नाहीच असं समजा, म्हणजे खाली मोठी बैठक असलेली बोट निवडा. चढताना धक्का आणि बोट यांची उंची सारखी नसते, पाण्याप्रमाणे बदलते. चालकाला आधी सांगितलं की ते रुंद फळी टाकतात आणि दोन्ही बाजूंनी हात देतात. एक प्लास्टिकचं स्टूल मागून ठेवा. संडास कमोडचा असतो, पण आत उंबरा असतो, तो अंधारात दाखवून ठेवा.

पाण्यात पोहायला उतरू नका. मुलं हट्ट करतील. कुट्टनाडात पावसाळ्यात आणि त्यानंतर लेप्टोची लागण होते, पायाला जखम असेल तर विशेषच. डासांसाठी मलम आणि सहाच्या आत खोल्यांची दारं-खिडक्या बंद.

जेवण. तुम्ही काही सांगितलं नाही तर दुपारी जाड लाल तांदळाचा भात, सांबार, थोरन म्हणजे नारळ घातलेली परतलेली भाजी, पापड, लोणचं आणि तळलेली करीमीन. चारच्या चहाबरोबर केळ्याची भजी. रात्री पोळ्या, डाळ, भाजी, कोंबडी. सगळं खोबरेल तेलात. मासे खाणाऱ्यांना सांगते, करीमीन ही खाडीच्या मचूळ पाण्यातली चपटी, काटेरी मासळी, केरळने तिला राज्यमासळीचा मान दिलाय. केळीच्या पानात मसाल्यासकट भाजलेली, 'पोळ्ळिच्चत', मागा. तळलेलीपेक्षा कितीतरी सरस. शाकाहारी मंडळींसाठी दोन दिवस आधी कळवायचं: वेगळं तेल, वेगळी कढई, साधा पांढरा भात. खानसाम्याला निरोप एजंटमार्फत नको, बोटीच्या माणसाशी थेट बोला. सासूबाईंचा उपवास त्या दिवशी येत असेल तर साबुदाणा आणि दाण्याचं कूट घरून आणा. खिचडी करू द्यायला कुठल्याच खानसाम्याने मला आजवर नाही म्हटलेलं नाही, उलट शेजारी उभा राहून बघतो.

दुपारी बोट मासळीच्या एखाद्या टपरीजवळ हमखास थांबते. मोठी कोळंबी दाखवतात, डोळे फिरतील अशी. घ्यायलाच पाहिजे असं नाही. घ्यायची असेल तर आधी किलोचा भाव, मग समोर वजन, मग 'शिजवायचे वेगळे पैसे आहेत का' ही तीन वाक्यं बोला. घासाघीस चालते. पर्यटकाचा भाव असतोच, त्याचं फार मनावर घेऊ नका.

दुसरी रात्र जमिनीवर घालवा म्हटलं, त्याचं कारण सकाळ. हाऊसबोटीवर सकाळी सहा ते आठ तुम्ही बांधलेले असता. कैनकरी किंवा चंपकुळमकडच्या घरगुती मुक्कामात सकाळी सहाला घरमालक हाताने वल्हवायची लांब होडी काढतो. इंजिन नाही. अगदी अरुंद वाटेने, केळीची पानं डोक्याला लागतील अशा कालव्यातून नेतो. पलीकडे चर्चची घंटा, अलीकडे देवळातलं भजन, आणि पाण्यावर दोन्ही ऐकू येतात. मोठी मुलं वल्हं हातात मागतील. सासूबाईंना होडीत बसणं जमणार नाही, त्यांच्यासाठी कालव्याकाठचा ओटा आणि कॉफी. बहुतेक घरांत तळमजल्यावर खोली असते, ती मागून घ्या.

आणि सरकारी बोट सोडू नका. अलेप्पीत एसटी स्टँडच्या जवळच धक्का आहे, तिथून राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटी नेडुमुडी, कावालम, कोट्टयमकडे जातात. कोट्टयमची फेरी अडीच तासांच्या आसपास. तिकीट काही रुपयांचं. भाजीच्या पिशव्या, कॉलेजची मुलं, कोंबड्या, आणि तुम्ही. खरं सांगायचं तर हाऊसबोटीच्या मार्गातलं अर्धं अधिक या बोटीतूनही दिसतं. पैसे कमी असणाऱ्यांना मी दिवसाची शिकारा, सरकारी बोट आणि घरगुती मुक्काम एवढंच सुचवते. तुमचं बजेट आहे, मुलांना बोटीवर झोपायचंय, तर ती एक रात्र जरूर करा.

प्रवासाचं. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेने थेट अलेप्पीत येते, दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर. म्हणजे त्या दिवशी बोट नाही, मुक्काम. तुम्ही आधी मुन्नारला जाणार असाल तर एर्नाकुलमला उतरा. विमानाने आलात तर कोचीचा विमानतळ अलेप्पीपासून ८० किलोमीटरच्या वर आहे, दोन-अडीच तास धरा. परतीचं विमान बोटीवरून उतरायच्या दिवशी दुपारी तीनच्या आधीचं घेऊ नका. कोचीच्या वाहतुकीचा भरवसा नाही.

पैसे देताना तीस-चाळीस टक्के आगाऊ, बाकी बोटीवर चढून खोल्या, जॅकेटं आणि क्रमांक बघितल्यावर. पावसामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी बोटी बंद केल्या तर पैसे परत की तारीख पुढे, हे आधीच लेखी घ्या. दिवाळीला येणार असाल तर ही अट फार महत्त्वाची. उतरताना चालक, इंजिनवाला आणि खानसामा तिघांना बक्षिसी द्यावी, आणि ती वेगवेगळी, प्रत्येकाच्या हातात. एकाच्या हातात दिली तर पुढे पोहोचेलच असं नाही.

मुलांच्या शाळेच्या तारखा आणि एकूण किती दिवस आहेत ते कळवा. मुन्नार आधी घ्यायचं की बोट, ते त्यावरून सांगते.